यादी पाठ आहे, तरी काउंटरवर तोंड का उघडत नाही?

प्रश्न असा आला आहे: "मी खानापूर तालुक्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बेळगावात बी.कॉम. पुढच्या महिन्यापासून पणजीतल्या एका कॅफेत काउंटरवर काम मिळतंय. खाण्यापिण्याचे साडेतीनशे इंग्रजी शब्द पाठ केलेत. पण परवा ट्रायलला एका बाईंनी ऑर्डर सांगितली, त्यातलं निम्मं कळलं नाही आणि जे कळलं त्यावर बोलता आलं नाही. अजून किती शब्द पाठ करू?"

एकही नको.

वयानं माझ्या लेकीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. मी अकरा वर्षं गोव्यातल्या हॉटेलांत स्टुअर्ड (म्हणजे वाढपी) आणि मग कॅप्टन (म्हणजे वाढप्यांचा मुख्य) म्हणून काढली, चार वर्षं जहाजावर, आणि आता बेळगावच्या टिळकवाडीत इंग्रजी बोलण्याची संध्याकाळची बॅच घेतो. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं तुझ्याच भागातली असतात. जांबोटी, नंदगड, इकडं चंदगड. सगळी गोव्याला हॉटेल लाइनला निघालेली, आणि सगळ्यांच्या खिशात तुझ्यासारखीच यादी.

त्या बाईंनी काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. "कॅन आय गेट अ लार्ज कॅपुचिनो, ओट मिल्क, एक्स्ट्रा शॉट, टू गो, अँड कुड यू वॉर्म अप द मफिन?" यातला कॅपुचिनो तुझ्या यादीत होता. मफिनही होता. शिवाय ते दोन्ही तुझ्या पाठीमागच्या फळ्यावर लिहिलेले होते! अडलं ते "टू गो" ला आणि "वॉर्म अप" ला. "गो" आणि "वॉर्म" तर तू पाचवीत शिकलीस. म्हणजे पदार्थांची नावं तुला अडवत नाहीत. नावं मेन्यूवर छापलेली असतात, नाही कळलं तर गिऱ्हाईक बोट दाखवतं. अडवतात ती क्रियापदं आणि बारके शब्द, आणि ते कुठल्याच यादीत नसतात. "टू गो" म्हणजे आपलं पार्सल. माझ्या पहिल्या सीझनला एकानं "दॅट्स टू गो" म्हटलं, तर मी अदबीनं त्याला दरवाजा दाखवला होता. तोही बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला.

आता एक आठव. कन्नड तू कशी शिकलीस? शाळेत असेल थोडी, पण खरी शिकलीस ती बाजारात आणि बसमध्ये. "एष्ट्री?" कितीला. "स्वल्प कम्मी माडरी", जरा कमी करा. "साक्री", पुरे हो. कुणी तुला भाज्यांची यादी दिली नव्हती. आधी भाव करायचं वाक्य तोंडात बसलं, मग त्या वाक्यात कांदा-बटाटा-वांगं आपोआप येऊन बसले. इंग्रजीचं डोकं वेगळं नसतं. ज्या पोरीनं खानापूर स्टँडवर कन्नड कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडण केलंय, तिला काउंटरवरचं इंग्रजी जड जायला नको. फक्त तू त्याला बाजारातून उचलून वहीत नेलंस, तिथं घोळ झाला.

आणि त्या कन्नडमधला "री" बघ. आपल्या भागातली कन्नड त्याच्याशिवाय हलत नाही. "काफी कोड" म्हटलं तर हुकूम, "काफी कोडरी" म्हटलं तर माणुसकी. मराठीत तेच काम आपण "जरा" आणि "की" वर ढकलतो. "जरा पाणी द्या की." इंग्रजीत असा शेपटीला चिकटणारा शब्द म्हणून लोक "प्लीज" धरतात आणि "गिव्ह मी वन कॉफी प्लीज" म्हणतात. व्याकरणात चूक नाही, पण कानाला ते दटावल्यासारखं लागतं. इंग्रजीची अदब वाक्याच्या सुरुवातीला असते आणि ती प्रश्नाच्या रूपात येते. मागणारा म्हणतो, "कुड आय हॅव", "कॅन आय गेट". देणारा म्हणतो, "वुड यू लाइक". "डू यू वॉन्ट शुगर?" विचारलंस तर कुणी रागावणार नाही, पण "वुड यू लाइक शुगर?" म्हणजे तुझा "री" लागला. हे तीन तुकडे तोंडात इतके बसव की झोपेतून उठवलं तरी निघाले पाहिजेत. पुढं कुठलंही नाव जोड.

"हॅव" वर जरा थांबतो, कारण मराठी माणूस इथं हमखास घसरतो. आपण चहा "घेतो", म्हणून "विल यू टेक टी?" म्हणतो. इंग्रजीत औषध "टेक" करतात. चहा, नाश्ता, जेवण, बिस्कीट, सगळं "हॅव". "आय विल हॅव द सँडविच" म्हणजे मला सँडविच द्या. माझ्याकडं सँडविच असेल, असा अर्थ लावून एक पोरगा बॅचमध्ये बराच वेळ कोड्यात पडला होता. आणि "आय ॲम गुड" किंवा "आय ॲम फाइन" म्हणजे "नको, पुरे", आपलं "साक्री". मी पाणी ओतत असताना एक आजीबाई "आय ॲम गुड, आय ॲम गुड" म्हणत राहिल्या, आणि मी "थँक यू मॅडम" म्हणत ग्लास काठोकाठ भरला.

आता स्वयंपाकघरात ये. इथं खरी गंमत आहे आणि इथंच सगळ्यात जास्त वेळ घाल. आपलं "भाजणं" घे. पापड भाजतो, शेंगदाणे भाजतो, भाकरी भाजते, पाव भाजतो, मासळी भाजतो. इंग्रजीत प्रत्येकाचं वेगळं. शेंगदाणे आणि कॉफीच्या बिया "रोस्ट". पावाचा काप तापवून लाल केला तर "टोस्ट", पण तोच पाव बेकरीत भट्टीत तयार झाला तेव्हा "बेक". मासळी जाळीवर ठेवली तर "ग्रिल". म्हणून गिऱ्हाईक "कुड यू टोस्ट द ब्रेड?" म्हणालं आणि तू नुसता गरम करून दिलास, तर ते परत येणार. "वॉर्म अप" म्हणजे नुसतं कोमट-गरम, रंग बदलायचा नाही. तळण्याचंही तसंच. कढईत बुडवून तळलं तर "डीप फ्राय", तव्यावर थोड्या तेलात "पॅन फ्राय" किंवा "शॅलो फ्राय", आणि कांदा परतला तर "सोते". उकडणं "बॉइल", पण मोदक उकडले तर "स्टीम". आपण दोन्हीला उकडणंच म्हणतो.

उलट बाजूनं "कच्चं" बघ. कांदा कच्चा, चपाती कच्ची, आंबा कच्चा. इंग्रजीत कांदा "रॉ", चपाती "अंडरकुक्ड", आंबा "अनराइप". एका शब्दाचे तीन झाले. "धिस ऑम्लेट इज रॉ" म्हटलं तर ते मुळी शिजवलंच नाही असा अर्थ होतो, आणि शेफ अंगावर येतो. अंड्याचं म्हणशील तर आपल्या गाड्यावरचं "हाफ फ्राय" बाहेरच्याला कळतंच असं नाही. पिवळं वर तसंच ठेवलं तर "सनी साइड अप", उलटून जरा भाजलं तर "ओव्हर ईझी", फेटून परतत मोकळं केलं तर "स्क्रॅम्बल्ड", आणि कवच फोडून थेट गरम पाण्यात सोडलं तर "पोच्ड". "हाउ वुड यू लाइक युअर एग्ज?" या प्रश्नाची उत्तरं ही आहेत.

चव सांगताना "हॉट" हा शब्द जपून. त्यात गरमही आलं आणि तिखटही. संकेश्वरी मिरचीचा रस्सा समोर ठेवताना पाहुण्यानं "इज इट हॉट?" विचारलं, तर आपला माणूस आनंदानं "येस सर, व्हेरी हॉट, जस्ट मेड" म्हणतो, आणि पाहुणा ताजं आहे म्हणून मोठा घास घेतो. म्हणून तू सरळ "स्पायसी" म्हण. तिखट किती, ते "माइल्ड", "मीडियम", "व्हेरी स्पायसी" असं सांग. अळणी म्हणजे "ब्लँड", शिळं म्हणजे "स्टेल", नासलेलं दूध "गॉन ऑफ" किंवा "स्पॉइल्ड". तुरटाला पुस्तकी शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही. आणि "खमंग" ला, "झणझणीत" ला इंग्रजीत जोड नाही. शोधत बसू नकोस.

यापुढची जागा धोक्याची. जे इंग्रजी शब्द आपण मराठीत रोज वापरतो, ते तुला येतात असं वाटतं. तेच दगा देतात. आपलं हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळते ती जागा. त्यांचं हॉटेल म्हणजे जिथं मुक्काम करायचा. खायची जागा "रेस्टरंट" नाहीतर "कॅफे". पार्सल म्हणजे पोस्टानं येतं ते. खायचं बांधून न्यायचं तर "टेकअवे" किंवा "टू गो". कर्नाटकातलं "मील्स" म्हणजे पूर्ण ताट, पण बाहेरच्याला ते "जेवणं" असं अनेकवचन वाटतं. "बाय टू कॉफी", म्हणजे एक कॉफी दोघांत वाटून, ती तर आपल्याकडून बाहेर पडली की संपलीच. तिथं "कुड वी हॅव वन कॉफी अँड ॲन एक्स्ट्रा कप?" म्हणावं लागतं. आपली ग्रेव्ही म्हणजे कांदा-खोबऱ्याचा रस्सा. इंग्रजाची ग्रेव्ही मांसाच्या सुटलेल्या रसाची, त्यामुळं "व्हेज ग्रेव्ही" ऐकून तिकडचा शाकाहारी दचकू शकतो. त्याला "सॉस" किंवा "करी" म्हण. "चिप्स" इंग्लंडात गरम तळलेल्या बटाट्याच्या लांब फोडी, अमेरिकेत पाकिटातल्या चकत्या. "पुडिंग" ब्रिटिश माणूस जेवणानंतरच्या कुठल्याही गोडाला म्हणतो. "आँत्रे" अमेरिकेत मुख्य पदार्थ आणि ऑस्ट्रेलियात सुरुवातीचा! बिलाला अमेरिकन "चेक" म्हणतात. आणि वांग्याला आपण शाळेत "ब्रिंजल" शिकलो. तो शब्द पोर्तुगिजातून आलेला, मुख्यतः आपल्याकडं चालतो. ब्रिटिश "ओबर्जीन" म्हणतो, अमेरिकन "एगप्लांट". पोर्तुगिजांनी बटाटा, पाव, काजू, अननस हे सगळे शब्द मराठीला दिले. तू तर त्यांच्याच जुन्या राजधानीत कामाला चाललीस.

यातलं एक तुझ्या कामाचं सगळ्यात मोठं. कोल्ड कॉफी. आपल्याकडची कोल्ड कॉफी म्हणजे दूध, साखर, बर्फ मिक्सरला फिरवून वर फेस, जमलं तर आइस्क्रीमचा गोळा. कॅफेतली "आइस्ड लाते" म्हणजे बर्फावर दूध आणि एस्प्रेसो, साखरेचा कणही नाही. "कोल्ड ब्रू" तर तिसरंच. दळलेली कॉफी गार पाण्यात बारा तास किंवा जास्त भिजवून गाळलेली, बहुधा बिनदुधाची. माझ्या एका विद्यार्थ्यानं पुण्याहून आलेल्या कुटुंबानं कोल्ड कॉफी मागितल्यावर कोल्ड ब्रू दिली. काका म्हणाले, "अरे, हे तर काढ्यासारखं लागतंय." पैसे पोराच्या पगारातून गेले. म्हणून कुणी "कोल्ड कॉफी" म्हटलं की लगेच विचारायचं, "ब्लेंडेड अँड स्वीट, ऑर आइस्ड विदाउट शुगर?"

कॉफीच्या फळ्यावरची बाकीची नावं घाबरवतात ती इटालियन आहेत म्हणून, पण त्यामागं एकच गोष्ट आहे. एस्प्रेसो. "एक्स्प्रेसो" नव्हे, मध्ये क्स नाही. बारीक दळलेल्या कॉफीतून सुमारे नऊ बार दाबानं गरम पाणी दामटलं की पंचवीस-तीस सेकंदांत साधारण 30 मिलिलिटर दाट कॉफी निघते. ती झाली एक "शॉट". आपल्या घरच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, थेंबाथेंबानं खाली उतरतं, तिथं दाब नसतो, वेळ असतो, आणि बऱ्याचदा चिकोरीही असते. एवढं समजलं की बाकी सगळं दूध-पाण्याचं गणित. शॉटमध्ये गरम पाणी घातलं तर अमेरिकानो. भरपूर गरम दूध आणि वर पातळसा फेस, लाते. दूध कमी आणि फेस जाड, कॅपुचिनो. कॅपुचिन या ख्रिस्ती साधूंच्या तपकिरी झग्यांवरून ते नाव पडलं. लहान कपात मऊ, बारीक फेसाचं दूध, फ्लॅट व्हाइट, ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची. माकियातो म्हणजे "डाग पडलेली", शॉटवर दुधाचा एक ठिपका. मोका म्हणजे चॉकलेट घातलेली, आणि नाव येमेनच्या मोखा बंदराचं. सूफी संत बाबा बुदन त्याच येमेनहून सात बिया घेऊन चिकमगळूरच्या डोंगरात आले, अशी आपल्या कर्नाटकातली कथा. आज देशातली सुमारे 70 टक्के कॉफी याच राज्यात पिकते. म्हणजे तू ज्याची नावं इटालियनमध्ये घोकतेस, त्या बिया बऱ्याचदा आपल्याच कोडगू-हासनकडच्या असतात. "स्ट्राँग" कुणी मागितली तर आपण पावडर वाढवतो, तिथं शॉट वाढवायचा. "ब्लॅक ऑर व्हाइट?" मधली "व्हाइट" म्हणजे दुधाची, दुसरं काही नाही.

आता एक जागा जिथं थट्टा चालत नाही. ॲलर्जी. कुणी "आय ॲम ॲलर्जिक टू पीनट्स" किंवा "डझ इट कंटेन नट्स?" म्हणालं की अंदाजे "नो मॅडम" म्हणायचं नाही. आपल्या भागात शेंगदाण्याचं कूट कशात असेल सांगता येत नाही, भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत. पीनट म्हणजे शेंगदाणा, नट्समध्ये काजू-बदाम-अक्रोड. दोन्ही वेगळं विचारून घे. "लेट मी चेक विथ द किचन" हे वाक्य पाठ कर, आणि खरंच आत जाऊन विचार. तसंच "व्हेजिटेरियन" म्हणवणारा परदेशी बहुतेक अंडं खातो, आणि "व्हीगन" दूध-तूप-दही-मधसुद्धा खात नाही. आपलं "प्युअर व्हेज" त्याच्या डोक्यात नसतं.

उच्चाराचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लोक फार वेळ घालवतात. "बफेट" नव्हे "बफे". "सॅमन" मासा, त्यात ल बोलायचा नाही. "रिसीट" मध्ये प नाही. "व्हेजिटेबल" असं चार तुकड्यांत कुणी बोलत नाही, "व्हेज्टबल". पिझ्झा "पीट्सा". "क्वासाँ" या पापुद्र्यांच्या फ्रेंच पावाला पहिल्यांदा माझीही जीभ वळली नव्हती, आणि काउंटरवर चार वेगवेगळी माणसं ते चार प्रकारे बोलतील, तू कुणाचं दुरुस्त करायला जाऊ नकोस. तुझा मराठी हेल लागला तर लागू दे. गोव्यात रशियन, ब्रिटिश, दिल्लीकर, बंगाली सगळे आपापल्या हेलात ऑर्डर देतात.

महिनाभर आहे तर असं कर. यादीची वही कपाटात टाक. सकाळी आई चुलीशी असेल तेव्हा बाजूला उभी राहून ती जे करते ते मोठ्यानं इंग्रजीत बोल. शी इज पीलिंग गार्लिक. शी इज ग्रेटिंग कोकोनट. शी इज नीडिंग द डो, आता रोलिंग इट आउट. सोलणं, किसणं, मळणं, लाटणं, हाताला दिसलं की शब्द राहतो. "भाजी निवडणं" ला अडशील. नीट एक शब्द नाही, "क्लीनिंग द लीव्ह्ज" म्हणून पुढं जा. आई हसेल, हसू दे. संध्याकाळी धाकट्या भावाला गिऱ्हाईक कर. त्यानं मुद्दाम पटपट आणि अर्धवट बोलायचं, मध्येच ऑर्डर बदलायची, "ॲक्चुअली, मेक दॅट टू" म्हणायचं. आणि तू प्रत्येक वेळी ऑर्डर परत वाचून दाखवायची: "सो दॅट्स वन लार्ज कॅपुचिनो विथ ओट मिल्क, एक्स्ट्रा शॉट, अँड अ वॉर्म मफिन, टू गो. एनीथिंग एल्स?" मी बॅचमध्ये पहिला आठवडा दुसरं काहीच शिकवत नाही. यानं तीन गोष्टी साधतात. ऐकलेलं तुझ्या तोंडून निघतं, चूक असेल तर गिऱ्हाईक स्वतः दुरुस्त करतं, आणि विचार करायला चार सेकंद मिळतात. नाहीच कळलं तर गप्प उभं राहायचं नाही. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" यात लाजण्यासारखं काही नाही. बाजारात कन्नड कळली नाही की "एन्री?" म्हणतेसच ना.

आठवड्यातून एकदा बेळगावला ये. कॅम्पात किंवा टिळकवाडीत एखाद्या कॅफेत बस, एकच कॉफी माग आणि तासभर शेजारच्या टेबलांवरचं ऐक. घरी जाऊन ऐकलेली दोनच वाक्यं लिही. दोनच. माझ्या वहीत अजून एका गिऱ्हाइकाचं "जस्ट अ स्प्लॅश ऑफ मिल्क" आहे. दुधाचा शिडकावा. तेवढंच दूध कसं मागायचं, हे मला कुठल्या यादीत मिळालं नसतं.

आणि जॉइन होताना नवीन स्टाफसाठी कुंद्याचा डबा नेशील, सगळेच नेतात. तिथं कुणीतरी विचारणार, "व्हॉट इज धिस?" "स्वीट" म्हणून सोडून देऊ नकोस. आत्ताच तयार करून ठेव: "इट्स फ्रॉम बेळगावी. यू कुक मिल्क अँड शुगर स्लोली, अंटिल इट टर्न्स ब्राउन अँड ग्रेनी." मग डबा पुढं कर आणि म्हण, "वुड यू लाइक सम?"